नसूहची पेटी, पाच अँपिअरची

आमच्या इमारतीत ज्याला गुपित ठेवायचं असेल त्यानं स्वयंपाकघरात तोंड उघडू नये. सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच चौकोनी पोकळीत उघडतात. वरच्या मजल्यावर नाझिकनं कांदा परतायला घेतला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तिनं नवऱ्याला परतायला घेतलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. त्यामुळे नसूहबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही, ऐकलेलं आहे.

नसूह म्हणजे नाझिकचा नवरा, आमच्या अल-मीनाचा लग्नांचा कॅमेरावाला. बंदराजवळच्या गल्ल्यांत लग्न मशिदीकडच्यांचं असो की चर्चकडच्यांचं, नवरी कोणीही असो, कॅमेरा नसूहचा. माणूस इतका अबोल की पाहुण्यांना वाटायचं, कॅमेऱ्याला पाय फुटलेत. आणि चिकित्सक इतका की टरबूज घ्यायला गेला तर हातगाडीवरचं प्रत्येक टरबूज कानाला लावून ऐकणार, मग म्हणणार, उद्या बघू. त्याच्या घरात टरबूज मीच पाठवते, नाहीतर उन्हाळा असाच जायचा.

आता लोक फोनवर शूटिंग करतात, नसूहला कोणी बोलवत नाही. पण इतक्या वर्षांची सगळी लग्नं त्याच्याकडे आहेत. आधी ती कॅसेटींवर होती, मग त्यानं ती हार्ड डिस्कवर उतरवली. पाकिटाएवढ्या, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या, कोणती काळी, कोणती निळी, अशा डिस्का बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून. अर्ध्या अल-मीनाचं लग्न त्या डब्यात झोपलेलं आहे. ज्यांचं पुढे मोडलं त्यांचंसुद्धा.

माझंही त्यातच आहे. या वर्षी माझ्या आणि अदीबच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मी नसूहला म्हटलं, "आमची फिल्म काढून ठेव. अदीबला एके काळी केस होते हे मुलींना पुराव्यासकट दाखवायचंय."

तो दुसऱ्या दिवशी खाली आला, दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"विदाद, तुझी डिस्क टकटक करतेय."

"मग दार उघड तिला."

नसूह हसला नाही. तेव्हा मला कळलं, गोष्ट साधी नाही.

आता या फिल्मचं सांगायलाच हवं, कारण इमारतीत ती मी सोडून सगळ्यांसाठी महत्त्वाची आहे. माझ्या लग्नात गाणारे होते तौफीक अम्मो, म्हणजे तौफीककाका, नाझिकचे वडील. मोठा आवाज, पण रेकॉर्डिंगच्या नावानं अंगावर काटा. कोणी टेपरेकॉर्डर काढला की ते मांडीवरचं ऊद, ते तारांचं वाद्य, खाली ठेवून कॉफी मागायचे. लग्नांच्या फिल्ममध्ये मागून त्यांचा आवाज येतो खरा, पण वर टाळ्या, ललकाऱ्या, कर्कश स्पीकर. माझ्याच लग्नात ऐन रंगात वीज गेली. स्पीकर मेला, पंखे थांबले, लोक गप्प झाले. आणि अम्मो माइकशिवाय, दोन कंदिलांच्या उजेडात, एक अख्खं गाणं गायले. सगळं बंद पडलं होतं, चालू होता तो फक्त नसूहचा कॅमेरा, कारण त्याची बॅटरी त्याच्या पोटात होती. अम्मोंना ते अंधारात दिसलं नाही.

त्यांच्या मागे पाण्याचा पेला धरून त्यांची मुलगी उभी होती. आता नसूहनं नवरीवर कॅमेरा धरावा की नाही? माझ्या लग्नाच्या फिल्ममध्ये मी नवरी असून पाहुणी आहे. नाझिक मात्र मन भरून दिसते. सहा महिन्यांत त्यांचं लग्न झालं. त्यांची मुलगी रीम जन्मली त्या वर्षी अम्मो गेले. तो अख्खा, स्वच्छ आवाज या जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण आता टकटक करत होतं.

"नाझिकला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. आधी वाचवतो, मग सांगतो."

मी म्हटलं, बरं. आणि खिडकी लावून घेतली, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

नसूहनं ठरवलं की आता डबा पुरे. घरातच एक पेटी करायची, कायम चालू राहणारी, सगळी लग्नं तिच्यात, आणि प्रत्येक लग्न दोन डिस्कांवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी असेल. सगळ्यात आधी माझी डिस्क तिच्यात रिकामी करायची. बँका बुडाल्यापासून बँकेतले पैसे बँकेलाच दिसत नाहीत, तर त्याला कुठून दिसणार? म्हणून त्यानं लग्नाच्या शूटिंगचे मोठे दिवे विकले. नाझिकला म्हणाला, अडगळ कमी करतोय. ती इतकी खूश झाली की तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं.

मग सुरू झालं ते टरबूज ऐकणं. शेजारच्या त्रिपोली शहरात, घड्याळाच्या मनोऱ्यामागे, वार्तान नावाच्या आर्मेनियन माणसाचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे. नसूह रोज शेअर टॅक्सीनं तिथे. मी एकदा बरोबर गेले, मला साखरपाकातली मिठाई घ्यायची होती, वार्तानचं दुकान वाटेवर नव्हतं तरी वाटेवर घेतलं.

वार्तान डोळ्याला भिंग लावून बसलेला; गिऱ्हाइकाला तो मुअल्लिम म्हणतो, म्हणजे उस्ताद. नसूहनं विचारलं, "हा प्रोसेसर किती वीज खातो?"

"काल सांगितलं."

"आणि तो?"

"तोही काल सांगितला. मुअल्लिम नसूह, लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, किती वेगानं चालतो. तू एकटा विचारतोस, किती जेवतो."

"माझ्याकडे पाच अँपिअर आहेत," नसूह म्हणाला.

वार्तानला पुढे काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे माणसाची ऐपत अँपिअरमध्ये मोजतात. सरकारी वीज मनात येईल तेव्हा येते, बाकी वेळ गल्लीचा जनरेटर, आणि त्याच्याकडून ज्यानं जितके अँपिअर घेतले तितकंच त्याचं घर चालतं. पाचात फ्रीज आणि दिवे. फ्रीज चालू असताना इस्त्री लावली की खाली खटका पडतो आणि घर अंधारात. त्यामुळे आमच्या बायका स्वयंपाक कमी आणि बेरीज जास्त करतात. मुलीसाठी स्थळ आलं तर पहिला प्रश्न मुलाच्या आईच्या स्वभावाचा, दुसरा अँपिअरचा.

तर नसूहनंही बेरीज केली. खोक्यात एका कचेरीतून आलेला जुना, कमी वीज खाणारा कॉम्प्युटर; वार्तान म्हणाला, फिल्म साठवायला वाघ लागत नाही, गाढव पुरे. रॅम आहे तेवढीच ठेव. ग्राफिक कार्ड काढून टाक, ते नुसतं बसून खातं. वीज पुरवणारा आतला डबा मात्र स्वस्तातला घेऊ नको, तो जळताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. इथवर दोघांचं एकमत.

घोडं अडलं ते डिस्कांपाशी. वार्तानचं म्हणणं, दोनच घे पण मोठ्या घे. नसूहला कोपऱ्यात चार दिसल्या, लहान, जाडजूड, बंद पडलेल्या एका ट्रॅव्हल एजन्सीतून आलेल्या. चार मिळून दोनांपेक्षा स्वस्त.

"चार म्हणजे चौघांचं जेवण," वार्तान म्हणाला.

"मोजलंय. चालताना चौघी मिळून एका बल्बाएवढं खातात."

"आणि बॅटरीचा डबा? वीज गेली तर पेटी सांभाळायला?"

"बॅटरी की डिस्का, एकच परवडतं. फिल्म डिस्कवर असते, बॅटरीवर नाही."

वार्ताननं भिंग वर केलं, माझ्याकडे पाहिलं. मी मिठाईची पिशवी दाखवली, म्हणजे मी फक्त बरोबर आलेली.

पेटी घरी आली आणि नसूहनं ती काच लावलेल्या बाल्कनीत ठेवली. त्याच संध्याकाळी मी कॉफीला वर गेले, योगायोगानं. नाझिक पेटीभोवती फिरत होती.

"ही काय आहे, विदाद? खरं सांग."

"तुझी सवत असावी. गुरगुरते आहे."

"सवत असती तर भांडी तरी घासली असती," ती म्हणाली. "नसूह, हिच्यामुळे माझा फ्रीज पडला ना, तर तू आणि ही दोघं जिन्यात झोपा."

"फ्रीज पडणार नाही. मोजलंय."

आणि खरंच, पडला नाही. पेटी चालली, फ्रीज चालला, दिवे चालले. नसूहनं माझी टकटकती डिस्क जोडली, कॉपी सुरू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. नसूहनं सिगरेट पेटवली. तेवढ्यात सरकारी वीज आली.

सरकारी वीज आली की जनरेटरवाला आमची लाइन तिच्यावर टाकतो. मध्ये सगळं क्षणभर जातं. मग सगळं परत येतं, आणि नसूहचं घर येईना, कारण मीटरच्या फळीवरचा खटका पडलेला. नसूह चार मजले खाली, खटका वर, चार मजले वर. कॉपी पहिल्यापासून. थोड्या वेळानं सरकारी वीज गेली, जनरेटर आला, पुन्हा खटका. पुन्हा खाली. लिफ्ट अर्थातच दोन्ही विजांच्या मधे कुठेतरी लटकलेली.

असं बरेच दिवस चाललं. जिन्यात आमच्या भेटी वाढल्या. मी विचारायची, "मोजलंस का?" आणि तो मान खाली घालून उतरायचा. शेवटी वार्ताननंच फोनवर उलगडा केला. नसूहनं डिस्का चालताना किती खातात ते मोजलं होतं, उठताना किती खातात ते नाही. चार जाड्या बायका एकाच सोफ्यावरून एकाच वेळी उठायला लागल्या की जे होतं ते. त्यांच्याबरोबर फ्रीजही उठतो. चालताना सगळे पाचात बसतात, उठताना कोणीच बसत नाही. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात माणूस करणार नाही, कारण दुसऱ्या गावात घर दिवसातून इतक्या वेळा झोपेतून उठत नाही.

मी हसत होते. मग वार्तान पुढे जे म्हणाला त्यानं हसू गेलं. फोन स्पीकरवर होता.

"मुअल्लिम, पेटीचं सोड. ती टकटकणारी डिस्क, तिला दर वेळी असा धक्का बसतोय. अजून एकदा पूर्ण वाचू देईल, कदाचित. त्यानंतर माझ्याकडे आणू नकोस, मी काही करू शकणार नाही."

नसूहनं डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली, डब्यात ठेवली. पूर्ण कॉपीला एक अख्खी दुपार लागणार होती, आणि मधे वीज बदलता कामा नये. आमच्या गावात अशी दुपार कोणी पाहिलेली नाही.

"अबू झुहैरशी बोलू," मी म्हटलं. अबू झुहैर म्हणजे जनरेटरवाला. आमच्या गल्लीचा खरा राजा, जनरेटरच्या खोलीबाहेर हुक्का घेऊन बसतो, बनियनवर राज्य करतो. मी भरलेल्या द्राक्षपानांचं ताट घेतलं आणि नसूहला पुढे घातलं. तो बोलेना, म्हणून मीच बोलले.

"एक दुपार आम्हाला जनरेटरवरच ठेव. सरकारी वीज आली तरी घेऊ नकोस."

अबू झुहैरनं नळी तोंडातून काढली. "विदाद, सगळा देश तिच्याकडे डोळे लावून बसलाय. मनात आलं की ती कधीतरी दारात येते, आणि मी तिला म्हणू, आज नको, नसूह कामात आहे?"

"एकाच दिवसाचा प्रश्न आहे."

"डिझेल माझ्या बागेत पिकत नाही. आणि उद्या दुसरी येईल, म्हणेल माझ्या नवऱ्याची मालिका संपेपर्यंत थांब. अशानं गल्ली चालत नाही." त्यानं एक द्राक्षपान उचललं, खाल्लं. "लिंबू छान. पण नाही."

ताट त्यानं ठेवून घेतलं.

परत येताना जिन्यात नाझिक उभी. हातात आक्रोडाचा चुरा, कोपरापर्यंत लाल मिरची. मकदूसची तयारी चालली होती, ती तेलात मुरवायची वांगी, हे दिवसच त्यांचे. तिनं आमच्याकडे पाहिलं.

"मला कधी सांगणार होता?"

मी म्हटलं, "काय सांगणार?"

"विदाद, तू खिडकी लावून घेतलीस तेव्हाच मी ओळखलं, यांच्यात काहीतरी आहे. तुझी खिडकी तुझ्या सासूच्या मयताला उघडी होती. मग एका सकाळी मी डब्यात पाहिलं. कोणती डिस्क टॉवेलाबाहेर आहे ते कळत नाही का मला? बाबांची आहे."

नसूह तिथेच पायरीवर बसला. तीही एक पायरी सोडून बसली, मिरचीचे हात दोन्ही बाजूंना धरून.

"वाचेल?" तिनं विचारलं.

"वीज थांबली नाही तर."

"म्हणजे नाही." मग ती म्हणाली, "त्या दिवशी विदादच्या लग्नात वीज गेली. काय चालू राहिलं?"

"कॅमेरा," तो म्हणाला.

"का?"

"बॅटरी त्याच्या..." आणि तो थांबला.

"पोटात होती," नाझिक म्हणाली. "इतके दिवस हे घर अंधारात जातंय आणि मी बघतेय, काय काय चालू राहतं. माझा फोन. तुझा फोन. एवढी पेटी बांधलीस, हाडांपासून बांधलीस, आणि तिला पोटच दिलं नाहीस. रीमचा लॅपटॉप कपाटावर पडलाय ना?"

रीम परदेशात, आबिदजानला असते, नवऱ्याच्या दुकानात. जाताना फुटक्या पडद्याचा लॅपटॉप मागे टाकून गेली होती. नसूह उठला तो थेट कपाटाकडे, आणि तिथून तसाच टॅक्सीकडे. टरबूज ऐकायला सुद्धा थांबला नाही.

वार्ताननं लॅपटॉप उघडला, बॅटरी बोटानं दाबून पाहिली. "फुगलेली नाही. म्हातारी आहे, अर्धा तास काढेल. तुमची वीज बदलायला किती वेळ लागतो?"

"सिगरेट पेटवण्याइतका."

"मग ही तुला पुरून उरेल." त्यानं फुटका पडदा काढून टाकला, त्याला एक जुना मॉनिटर जोडायला दिला. चार जाड्या डिस्का परत घेतल्या आणि बदल्यात दोन लहान, सपाट दिल्या, लॅपटॉपच्याच वायरीतून वीज घेणाऱ्या, म्हणजे भिंतीतली वीज गेली तरी त्यांना पत्ता लागत नाही. "दोन्ही एकाच कंपनीच्या दिल्या नाहीत," तो म्हणाला, "एकाच घरातल्या बहिणी एकदम आजारी पडतात. आधी एकीवर उतरव, मग तिच्यावरून दुसरीवर. आणि गादीवर ठेवू नको, बॅटरी तापते. महिन्यातून एकदा बोटानं दाबून बघ. फुगली तर लगेच काढ."

"हेच आधी का नाही सुचवलंस?" नसूहनं विचारलं.

"तू विचारलंस किती जेवतो. उपाशी किती राहतो ते विचारलं नाहीस."

कॉपी शुक्रवारी सुरू झाली. नाझिकच्या जेवणाच्या टेबलावर, सुट्या फरशीच्या तुकड्यावर लॅपटॉप, बाजूला नव्या दोघी, पुढे टकटकणारी. आम्ही कोणी काही बोलत नव्हतो, माझ्यासाठी हे किती अवघड ते समजून घ्या. नाझिक वांग्यांना चिरा देत होती. नसूह डिस्कला कान लावून बसलेला, खऱ्या टरबुजाला लावतो तसा. टकटक व्हायची, थांबायची, पट्टी अडायची, पुन्हा सरकायची.

तीन वाजायच्या सुमारास वीज गेली. मॉनिटर काळा झाला, फ्रीज गप्प झाला. टेबलावर लॅपटॉपचा एक निळा ठिपका तेवढा चालू. आणि टकटक. ती टकटक ऐकून मला इतकं बरं वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. वीज आली, फ्रीज उठला, खटका पडला नाही. मॉनिटर उजळला तेव्हा पट्टी पुढे सरकलेली होती.

संध्याकाळी डिस्क मेली. कॉपी झाल्यानंतर, असं नसूह म्हणतो. माझ्या मते थोडी आधी. कारण आम्ही फिल्म लावली तेव्हा सुरुवातीचा बराच भाग हिरव्या चौकटींनी भरलेला. माझं जिन्यावरून उतरणं गेलं. केक गेला. अदीबचे केस एका कोपऱ्यात दिसतात आणि विरघळतात, आयुष्यात झालं तसंच. मुलींनी पुरावा मान्य केला नाही.

मग वीज गेली, म्हणजे फिल्ममधली. पडदा अंधारला आणि कंदील आला. एकही चौकट नाही. तौफीक अम्मो ऊद मांडीवर घेऊन, मान जराशी वाकडी, गात होते.

नाझिक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. गाणं अख्खं संपेपर्यंत तिनं मिरचीचे हात कुठे टेकवले नाहीत.

"बाबांना त्या दिवशी खोकला होता," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीत गिळलाय बघा."

आम्हाला कोणालाच ऐकू आला नाही. नसूहनं मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा मलाही ऐकू आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर कॅमेरा सरकला, अम्मोंच्या खांद्यावरून मागे गेला, आणि पाण्याचा पेला धरलेली ती पोरगी आली. आणि कॅमेरा तिथेच थांबला. मी कुठे आहे ते कॅमेऱ्याला पुढे बराच वेळ माहीत नाही.

"नवरी पलीकडे होती, नसूह," नाझिक म्हणाली.

"उजेड इकडे होता," तो म्हणाला.

इतकं गोड वाक्य तो मागणी घालायला आल्यावर तिच्या वडिलांसमोरही बोलला नसेल. मी अदीबला कोपरानं ढोसलं, की काहीतरी शीक. तो झोपलेला.

आता लॅपटॉप पुस्तकांच्या कपाटावर, फरशीच्या तुकड्यावर आहे, दोघी त्याच्या कुशीत. नसूह रोज एकेक लग्न डब्यातून काढून उतरवतो, एकीवरून दुसरीवर करतो, आणि महिन्याला बॅटरी बोटानं दाबून बघतो, लोक पिकलेलं टरबूज दाबतात तशी. बातमी पसरलीय, कशी ते मला विचारू नका. लोक मिठाई घेऊन येतात आणि आपापले मेलेले आजोबा नाचताना बघून जातात.

राहिली ती लोखंडी पेटी. वार्ताननं परत घेतली नाही; बाल्कनीतल्या खाऱ्या वाऱ्यानं इतक्या थोड्या दिवसांत तिच्या कडांना गंज चढवला होता. आतलं काढून घेतलं, खोकं नसूहकडेच राहिलं. मकदूसची वांगी भरायच्या आधी दोन दिवस वजनाखाली ठेवावी लागतात, पाणी निथळायला. काल मी खिडकीतून वर पाहिलं तर तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर परात, परातीत दुसऱ्या खेपेची वांगी, वर पाट, आणि पाटावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, ती पेटी.

"दगड कुठे गेला तुझा?" मी ओरडून विचारलं.

"ही जड आहे," वरून आवाज आला. "आणि वीज खात नाही."